कारकुनाची मुलं, तराळाचा मुलगा आणि आटपाडी महाल

मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी वाचताना एका तालुक्याशी नजर अडखळते. १९७३ साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर अध्यक्ष झाले. १९८३ साली अंबाजोगाईला त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर, आणि लगेच पुढच्या वर्षी जळगावला शंकरराव खरात. तिघांचीही पाळंमुळं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातली. गदिमा १९१९ साली शेटफळ्यात जन्मले, खरात १९२१ साली खुद्द आटपाडीत, व्यंकटेश १९२७ साली माडगुळ्यात. आठ वर्षांत जन्मलेली तीन मुलं. ज्या मुलखात पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरचाही भरवसा देत नाही, तिथल्या एका तालुक्याने लागोपाठच्या दोन संमेलनांना अध्यक्ष दिले.

तिघांना जोडणारा आणखी एक धागा आहे आणि तो जास्त बोलका आहे. माडगूळकरांचे वडील औंध संस्थानात कारकून होते. खरातांचे वडील आटपाडीच्या गावगाड्यात तराळ, म्हणजे महारकीची पाळी करणारे गावकामगार. सत्ता एकच होती, चावडीही तिचीच. कारकून आत बसून दप्तर लिहायचा. तराळ बाहेर उभा राहून हाकेची वाट पाहायचा. आटपाडीचा इतिहास या दोन जागांवरून पाहिला की नीट दिसतो.

आटपाडी तेव्हा तालुका नव्हती, ‘महाल’ होती. औंधच्या पंतप्रतिनिधींचं संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हे, तुकड्यांची गोधडी. खटावच्या बाजूला औंध, कृष्णेच्या खोऱ्यात कुंडल, पूर्वेला माणदेशात आटपाडी आणि पार विजापूरच्या बाजूला गुणदाळ. सगळं मिळून ७२ गावं आणि सुमारे पाचशे चौरस मैल. मध्ये मध्ये इंग्रजी अंमल आणि इतर संस्थानांच्या हद्दी. आटपाडीच्या माणसाला राजधानीला जायचं तर परक्या मुलखातून वाट काढावी लागे.

संस्थानातला सगळ्यांत कोरडा तुकडा आटपाडीचा. माण नदी साताऱ्याकडच्या महादेवाच्या डोंगरात उगवते आणि या पठारावरून भीमेकडे जाते. लोक तिला कौतुकाने माणगंगा म्हणतात, पण बहुतेक महिने तिच्या पात्रात वाळूच असते. गावातून वाहणाऱ्या शुक ओढ्याची गत वेगळी नाही. जुन्या सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलतं. सह्याद्री ओलांडून ढग इथवर येतात तोवर त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. रानात बाजरी, मटकी, हुलगा आणि परतीच्या पावसावर साधली तर ज्वारी. म्हणून माणसं पिकापेक्षा जनावरावर जगली.

ते जनावर म्हणजे खिल्लार. पांढराशुभ्र किंवा किंचित करडा रंग, लांब मागे झुकून वर गेलेली शिंगं, आखीव पाय, चाल तेज आणि स्वभाव तापट. दूध बेताचंच. पण कडक उन्हात, दगडी रानात, थोड्या वैरणीवर दिवसभर औत ओढायचं तर त्याच्यासारखा बैल नाही. पशुपैदाशीच्या जुन्या नोंदींत खिल्लारीचे जे पोटप्रकार दिले आहेत, त्यांत म्हसवडच्या खिल्लारीबरोबर ‘आटपाडी महाल’ हे नावही येतं. संस्थान विरघळलं, महालाचा तालुका झाला, पण जनावरांच्या शास्त्रात तो महाल अजून टिकून आहे.

या जनावरांचा मोठा बाजार खरसुंडीला भरतो. तिथला सिद्धनाथ हे या भागातल्या अनेक घरांचं कुलदैवत. चैत्रात आणि पौषात त्याची यात्रा असते. यात्रेत देवदर्शनाइतकाच वेळ खोंडांचे दात बघण्यात जातो: आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला. व्यापारी आणि मालक टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. ट्रॅक्टर आल्यावर हा बाजार ओसरत चालला होता. बैलगाडा शर्यतींवरच्या बंदीने तो आणखी खाली बसला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि चपळ खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. मेंढरांचा बाजारही या मुलखाचा असाच जुना. २०२० च्या अखेरीस आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याची आणि मालकाने ती नाकारल्याची बातमी देशभर झळकली. बाहेरच्यांना ती गंमत वाटली. माणदेशात मात्र चांगला नर विकून टाकणारा माणूसच वेडा ठरतो.

जनावर विकूनही भागेना तेव्हा माणसं बाहेर पडली. आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली मुलं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. सोनाराच्या दुकानातली माती आणि मोडीचे तुकडे भट्टीत घालून, तेजाबात धुऊन त्यातून शुद्ध धातू वेगळा काढायचा, याला गलाई म्हणतात. एकाने परमुलखात दुकान टाकलं की तो पाहुण्यातला पोरगा कामाला नेई, पोरगा चार वर्षांत शिकून पुढच्या शहरात स्वतःची भट्टी पेटवी. असं करत करत काश्मीरपासून केरळपर्यंतच्या सराफ कट्ट्यांवर या दुष्काळी तालुक्यांतले गलाईवाले जाऊन बसले. गावाकडे पत्र्याच्या घराशेजारी अचानक दुमजली बंगला दिसला, तर त्याचं मूळ बहुधा दूरच्या कुठल्या तरी गल्लीतल्या भट्टीत सापडतं.

अशा महालावर १९०९ पासून राज्य होतं ते भवानराव पंतप्रतिनिधींचं. बाळासाहेब पंत या नावानेच ते जास्त ओळखले जात. चित्रं काढणारा, कीर्तन करणारा, सूर्यनमस्काराचा प्रसार हे आयुष्याचं व्रत मानणारा हा राजा होता. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेलं वस्तुसंग्रहालय आजही लोक पाहायला जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा कुंडलजवळच्या माळावर जागा याच राजाने दिली आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या हायस्कुलात बाहेरचीही गरीब मुलं शिकायला येत. साने गुरुजी त्यांतलेच. आटपाडी महालातल्या हुशार पोराची पुढची वाट ठरलेली असे: गावची शाळा संपली की औंध. गदिमा त्याच वाटेने गेले. मॅट्रिकला गणिताने त्यांचा घात केला आणि ते कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत जाऊन पडले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त त्यांनी बारीकसं काम केलं. नापास झालेला हा मुलगा पुढे मराठी गीतांचा राजा झाला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला येणाऱ्या ‘गीतरामायणा’ने वर्षभर घराघरांतली माणसं रेडिओभोवती बसवली. एकूण ५६ गीतं, सगळ्यांना सुधीर फडक्यांचं संगीत.

पण १९३८ साली औंधमध्ये घडत होतं ते सिनेमापेक्षा अजब होतं. राजाने आपल्या वाढदिवसाला सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. यामागे दोन तरुण होते. एक राजाचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, नुकतेच विलायतेहून शिकून आलेले. दुसरा मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेला पोलिश ज्यू अभियंता. बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यात नोकरी करता करता तो गांधीजींकडे ओढला गेला, भगवी वस्त्रं घालू लागला, भारतानंद झाला. सूत कातायच्या सुटसुटीत धनुष तकलीशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पुढे मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक करणाराही हाच.

औंधच्या नव्या राज्यघटनेचा मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. रचना खालून वर जाणारी होती. गावाने पाच पंच निवडायचे, गावोगावच्या पंचायतींतून तालुक्याची सभा, तिच्यातून संस्थानचं विधिमंडळ. गावातल्या भांडणांचा निवाडा गावातच, वकिलाच्या फीशिवाय. इंग्रजी हद्दीत प्रांतिक कायदेमंडळाला मत देण्याचा हक्क अजून मालमत्ता आणि शिक्षण बघून मिळत होता. तेव्हा सुमारे नव्वद हजार वस्तीच्या या संस्थानात साधा शेतकरी पंच म्हणून सतरंजीवर बसू लागला. संस्थान लहान होतं, उत्पन्न बेताचं होतं आणि इंग्रजांच्या लेखी त्याचं महत्त्व कमी होतं. मोठ्या संस्थानात असा प्रयोग करायला रेसिडेंटाने आणि जहागीरदारांनी कितपत मोकळीक दिली असती, हा प्रश्नच आहे.

या प्रयोगाचा सगळ्यांत धाडसी भाग आटपाडीच्या वाट्याला आला. फ्रीडमनच्या कल्पनेतून आणि राजाच्या संमतीने १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत वसवली गेली: भिंत नाही, गज नाहीत, बेड्या नाहीत. कैद्याला राहायला घर, कसायला जमीन आणि बरोबर त्याची बायकापोरं. पिकवलेलं त्याने बाजारात न्यायचं, विकायचं आणि परत यायचं. वसाहतीला नाव दिलं स्वतंत्रपूर.

आटपाडीच्या लोकांना ही कल्पना एकदम पटली असेल असं मानायचं कारण नाही. गुन्हेगाराला घर आणि रान, आणि कर्जबाजारी कुणब्याने गहाण टाकलेलं रान सावकाराकडे, हा हिशेब कुणालाही टोचण्यासारखाच होता. पण फ्रीडमनचं गणित साधं होतं. पळून जायला माणसापाशी गमावण्यासारखं काही नसावं लागतं. ज्याचं बाजरीचं पीक उभं आहे आणि चुलीपाशी लेकरं आहेत, तो रात्री कुंपण शोधत बसत नाही. शिवाय वाचवण्यासारखं पीक आणायचं तर या मातीत रोज राबावंच लागतं. माणदेशातलं शेत कुणालाच सोपं नाही.

स्वातंत्र्यानंतर देशात खुल्या तुरुंगांची चर्चा सुरू झाली. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या पुढाकाराने पन्नाशीच्या दशकात धरणाच्या कामावर कैद्यांची मोकळी शिबिरं निघाली. महाराष्ट्रात येरवडा आणि पैठण इथे खुली कारागृहं आली. स्वतंत्रपूर या सगळ्यांच्या आधीचं. संस्थान गेलं, वसाहत राहिली आणि राज्याच्या कारागृह विभागाकडे आली. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना कुटुंबासह तिथे ठेवण्याची मूळ पद्धत पुढेही चालू राहिली.

जगाला ही वसाहत कळली ती मात्र सिनेमातून. १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. सहा खुनी कैदी, त्यांना ओसाड जमिनीवर नेऊन माणसात आणू पाहणारा जेलर, त्यांनी पिकवलेली भाजी, ती रास्त भावात विकल्यामुळे चिडलेले व्यापारी. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. त्याची कथा लिहिली होती गदिमांनी, स्वतंत्रपूरपासून फार लांब नसलेल्या शेटफळ्यात जन्मलेल्या माणसाने. संस्थानच्या कारकुनाच्या मुलाने संस्थानच्या तुरुंगाची गोष्ट हिंदी पडद्यावर नेली आणि ती सगळ्या देशाची झाली.

धाकट्या भावाने तोच मुलूख वेगळ्या तऱ्हेने नोंदवला. व्यंकटेश माडगूळकरांनी शाळा अर्धवट सोडली, बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतली, कोवळ्या वयात काही काळ मास्तरकीही केली. १९४९ साली त्यांचं ‘माणदेशी माणसं’ आलं तेव्हा मराठी कथेतलं खेडं बरंचसं नटवलेलं होतं: हिरवीगार शेतं, भोळे शेतकरी आणि पाणवठ्यावरची प्रेमं. माडगूळकरांच्या माणसांना हिरवं रान माहीतच नव्हतं. धर्मा रामोशी, रामा मैलकुली, शिदा चांभार, गणा महार, मुलाण्याचा बकस, वर्गात न रमणारा झेल्या. प्रत्येकाचं काम, भूक आणि लकब सांगायची आणि थांबायचं. दया दाखवायची नाही, उपदेश तर नाहीच. त्याच पुस्तकात त्यांनी आपल्या बापाचंही व्यक्तिचित्र लिहिलं.

‘बनगरवाडी’त तर आटपाडी महालाचा सगळा कारभार सापडतो. संस्थानच्या हुकमाने एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. मुलं मेंढरांमागे, शाळा रिकामी. कारभारी नावाचा म्हातारा त्याला हळूहळू वाडीचे रिवाज शिकवतो. मास्तर वाडीकडून तालीम बांधून घेतो आणि तिचं उद्घाटन करायला खुद्द राजा येतो. व्यायामाचं वेड असलेल्या त्या राजाला ओळखायला औंधच्या रयतेला नावाची गरज नव्हती. मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरायला लागतात, एकेक घर मुलूख सोडून जातं आणि वाडी ओस पडते. राजाची शाळा, पंचायत, तालीम हे सारं खरं आणि चांगलंच होतं. पण पाणी नसल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे माडगूळकरांनी एका छोट्या कादंबरीत सांगून टाकलं. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. व्यंकटेशांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘सत्तांतर’साठी. पण त्यांची ओळख बनगरवाडीच्या मास्तरानेच लोकांच्या मनात पक्की केली.

आता चावडीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे यायला हवं.

तराळकी म्हणजे काय, हे शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ या १९८१ च्या आत्मचरित्रात वाचावं. चावडी झाडायची, दवंडी द्यायची, सरकारी टपाल आणि सांगावे या गावातून त्या गावात पोचवायचे, गावावर आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण घालायची, मयताची खबर पाहुण्यारावळ्यांना द्यायला उन्हातान्हात धावायचं. बदल्यात थोडीशी वतनाची जमीन, सुगीत बलुतं आणि दारोदारच्या भाकरी. खरातांनी सांगितलेला एक प्रसंग अनेकांच्या वाचनात आला असेल. विहिरीत प्रेत तरंगत होतं. त्याची राखण तराळाने करायची आणि ते बाहेर काढायला विहिरीत उतरायचंही तराळानेच. विहिरीत साप होता. पोलिसांचा हुकूम होता. वरून बघणारा मुलगा तराळाचा होता.

औंधचं राज्य इतर अनेक संस्थानांपेक्षा उदार होतं, हे खरंच. शाळेचं दार खरातांना उघडलं ते या राज्यातच. तिथून ते पुण्याला गेले, कायदा शिकले, वकील झाले. पण चावडीवरचा हुकूम उदार राजाच्या नावानेच सुटत होता आणि तो पाळणारा माणूस पिढीजात ठरलेला होता. पंचायतीच्या सतरंजीवर शेतकरी बसला तरी ती झाडून अंथरण्याचं काम कुणाचं, हे कुठल्या घटनेने बदललं नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ पासूनच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणून झगडा मांडला होता. ही गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे औंधचं संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाल्यावर.

खरात आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते होते, ‘प्रबुद्ध भारत’च्या संपादनाशी जोडलेले होते, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण त्यांच्या कथा पुन्हा पुन्हा आटपाडीच्या शिवारात परततात. ‘बारा बलुतेदार’, ‘सांगावा’, ‘तडीपार’ या संग्रहांतली माणसं गावाला लागणारं प्रत्येक काम करतात आणि गावाच्या हिशेबात कुठेच नसतात. माडगूळकरांनी गणा महाराचं चित्र काढलं ते ओसरीवरून पाहून, सहानुभूतीने आणि अचूक. खरातांच्या लेखनात ओसरीच तेवढी दिसते, आणि तीही अंगणात उभं राहून. दोघांचं माणदेश एकच आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एका लेखकाने न पाहिलेली भिंत दुसऱ्याच्या पानावर उभी राहते.

आश्चर्य याचं की कोरड्या मुलखातला हा सगळा ऐवज एका पिढीतच जमा झाला. लहान संस्थानाने शिक्षण गावापर्यंत नेलं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण दुष्काळ. दुष्काळाने कुणालाच घरी बसू दिलं नाही. गदिमा कोल्हापूर-पुण्याला गेले, व्यंकटेश पुण्यात आकाशवाणीवर नोकरीला लागले, खरात पुणे-औरंगाबादला. गलाईवाले जसे गेले तसेच हेही गेले, फक्त त्यांची भट्टी वेगळी होती. मुलूख सुटल्यावरच त्याचं चित्र काढायची निकड तयार झाली असावी. गदिमांच्या गीतांतल्या ओव्यांची आणि कीर्तनाची चाल, व्यंकटेशांच्या वाक्यातली कोरडी काटकसर, खरातांची न ओरडता लागणारी धार, या तिन्हींत ती भूमी आहे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झालं. गावोगावच्या स्वयंशासनाचा प्रयोग जेमतेम नऊ वर्षं चालला होता. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले आणि हा मुलूख दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला. त्या जिल्ह्याचं नाव १९६० साली सांगली झालं. १९६५ मध्ये आटपाडी स्वतंत्र तालुका झाला. पाण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही सीमारेषेने सुटला नाही. माण नदीवर राजेवाडीला इंग्रजांच्या काळातला मोठा तलाव आहे, पण भोवतालच्या कोरडवाहू रानांची तहान त्याने भागली नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली आणि गलाईच्या भट्ट्यांकडे जाणारी रीघ वाढली.

नंतरची गोष्ट पुन्हा जुन्या संस्थानाच्या दुसऱ्या तुकड्याशी जोडलेली आहे. कुंडलच्या भागात बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं होतं. त्यातले एक लढवय्ये, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, म्हातारपणी आटपाडीत आले ते पाण्यासाठी. १९९३ साली त्यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषद भरली. डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख बरोबर होते. कृष्णेचं पाणी उचलून तेरा दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी तिथून वर्षानुवर्षं लावून धरली गेली. आधी सरकारी फायलींत या पठाराची उंची पाणी चढवण्याच्या पलीकडची मानली जात होती. १९९६ मध्ये टेंभू उपसा सिंचन योजनेचं काम सुरू झालं. कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू हे गाव आहे, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. तिथे नदीचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने पठारावर चढवायचं आणि कालवे-बोगद्यांतून पूर्वेला आणायचं, अशी ही रचना. ती आकाराला यायला दोन दशकं आणि बरीच आंदोलनं लागली.

पाणी आल्यावर आटपाडीत वेगळाच वाद उभा राहिला. कालव्याचं पाणी ज्याच्या रानाजवळून जातं त्यालाच मिळणार असेल, तर उरलेल्यांनी वीस वर्षं मोर्चे कशासाठी काढले? चळवळीची मागणी होती समन्यायी वाटपाची: पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, कुटुंबावर मोजायचं. शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडीला लोकांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण बांधलं, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क दिला होता. तोच धडा आटपाडीत मोठ्या प्रमाणावर गिरवायचा होता. उघड्या पाटांऐवजी बंद नळांतून पाणी नेण्याची कल्पनाही याच तालुक्यात पुढे रेटली गेली, कारण बंद नळात गळती कमी होते आणि कुणाला किती गेलं ते मोजता येतं.

आज तालुक्यात डाळिंबाच्या बागा आहेत, ठिबकच्या काळ्या नळ्या मैलोगणती पसरल्या आहेत, साखर कारखाना आहे, आणि टेंभूच्या पुढच्या आवर्तनाची तारीख हा चहाच्या टपरीवरचा कायमचा विषय आहे. समन्यायी वाटपाचा हिशेब कुटुंबाच्या दराने धरायचा की एकराच्या, यावर बैठका होतात तेव्हा त्यात भूमिहीनांचा वाटाही मांडला जातो. संस्थानाच्या काळात ज्याच्या नावावर फक्त तराळकी होती, त्याच्या नातवाच्या नावावर घनमीटर लिहायचे की नाही, असा तो प्रश्न आहे, आणि आटपाडी तालुक्यात तो कागदावर आणून ठेवण्याइतपत लोकांनी तगादा लावला आहे.